वेताळाच्या पूर्वकथेतला ‘तो’ आणि ‘ते’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या चित्रकथांवर रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. इंद्रजाल कॉमिक्स या जुन्या चित्रकथा-मालिकेसाठी आपण अर्धे पान राखलेत, याबद्दल मनापासून आभार. मात्र त्यातली दोन विधाने दुरुस्त व्हायला हवीत. एक, ‘इंद्रजालचा पहिला अंक म्हणजे वेताळाची जन्मकथा’. (हा वेताळ म्हणजे अमेरिकी चित्रकथेतला मुखवटाधारी ‘फँटम’. हे नाव आणि पोशाख बापाकडून मुलाकडे येतो, आजचा नायक एकविसावा.) दुसरे, नायकाच्या भूतकाळात शिरणारे अंक म्हणजे ‘नवे काही सुचेनासे झाले की केलेली भरती’. पहिली चूक माहितीची आहे, दुसरी समजुतीची. सध्या जुन्या चित्रकथा पुन्हा छापण्याची, नव्याने भाषांतरित करण्याची चर्चा बरीच ऐकू येते. अशा वेळी ही दुसरी समजूत रुजली तर कात्री नेमकी नको तिथे चालेल, म्हणून हे पत्र.

इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक मार्च १९६४ मध्ये निघाला आणि त्यातली कथा वेताळाच्या कमरपट्ट्याची होती. मूळ अमेरिकी वृत्तपत्रात ती १९५४ साली रोजच्या चित्रपट्टीतून आली, तेव्हा चित्रे विल्सन मॅककॉय काढत. ही जन्मकथा नव्हे. विसाव्या वेताळाचा, म्हणजे आजच्या नायकाच्या वडिलांचा, दग्याने झालेला खून, त्यांचा चोरीला गेलेला कमरेचा पट्टा आणि मुलाने लावलेला त्या खुन्याचा माग, असा तिचा विषय. जन्मकथा त्याच्या चार शतके मागची आहे. १५३६ साली बंगाला या काल्पनिक देशाच्या किनाऱ्याजवळ चाच्यांनी एका जहाजावर हल्ला केला. कप्तानाचा मुलगा एकटा वाचून किनाऱ्याला लागला, बांदर जमातीने त्याला सांभाळले, आणि पुढे बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने चाचेगिरी, हाव, क्रौर्य आणि अन्याय यांच्याविरुद्ध पिढ्यान्‌पिढ्या लढण्याची शपथ घेतली. एक गोष्ट घराण्याच्या मुळाची, दुसरी एका मुलाच्या जखमेची. दोन्हीत बाप मारला जातो म्हणून गल्लत होते, पण लेखकाने त्या वेगवेगळ्या कामांसाठी लिहिल्या आहेत.

आणि मुळाची ती गोष्टही आधी ठरलेली नव्हती. ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वेताळाची पट्टी सुरू केली, तेव्हा मुखवट्यामागचा माणूस म्हणून त्यांच्या मनात जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, ऐषारामी तरुण होता. पहिली कथा चालू असतानाच त्यांनी तो बेत सोडला, नायकाला जंगलात नेले आणि वडील, आजोबा, पणजोबा अशी वीस माणसे त्याच्यामागे उभी केली. म्हणजे कथा पुढे सरकत असताना तिला मागे लांबी मिळाली. त्या एका निर्णयावर ही पट्टी आज नव्वद वर्षे उभी आहे. जिमी वेल्स राहिला असता तर तो मुखवटा घातलेल्या अनेक श्रीमंत तरुणांतला आणखी एक झाला असता. भूतकाळ हीच ज्या नायकाची खरी ताकद आहे, त्याच्या बाबतीत भूतकाळाला भरती म्हणणे म्हणजे पायालाच अडगळ म्हणणे.

भरती कधी होते हेही सांगायला हवे, कारण ती होतेच. जुनी चित्रे कापून नव्या चार चौकटींच्या मध्ये चिकटवायची, नायकाला खिडकीपाशी उभा करून ‘मला तो दिवस आठवतो’ म्हणायला लावायचे आणि शेवटी त्याला पुन्हा त्याच खिडकीपाशी आणून सोडायचे, ही भरती. ओळखायची खूण सोपी आहे. आठवण निघण्याचे कारण आजच्या प्रसंगात आहे का, आणि आठवण संपल्यावर आजच्या प्रसंगात काही बदलले का, हे दोन प्रश्न विचारावेत. अमेरिकी अंकांतली दोन उदाहरणे देतो. बॅटमनच्या आई-वडिलांचा खून प्रथम नोव्हेंबर १९३९ च्या डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या ३३ व्या अंकात, अवघ्या दोन पानांत, सांगितला गेला आणि खुन्याला नाव नव्हते. १९४८ मध्ये बॅटमनच्या ४७ व्या अंकात ते नाव आले : जो चिल. एका साध्या तस्करीच्या तपासात बॅटमनला तो चेहरा ओळखू येतो, तिथून जुनी गोष्ट उलगडते, आणि अंक संपेपर्यंत चिल मेलेला असतो. दुसरे उदाहरण ऑक्टोबर १९८० च्या एक्स-मेनच्या १३८ व्या अंकाचे. प्रेयसी जीन ग्रेच्या अंत्यविधीला उभा असलेला, एक्स-मेन या संघाचा नेता सायक्लॉप्स १९६३ पासूनचा सगळा इतिहास मनातल्या मनात उजळतो. निम्म्याहून अधिक अंक जुन्या घटनांचा आहे, तरी एकही पान फुकट गेलेले नाही, कारण शेवटी तो संघ सोडून निघून जातो. आठवण हेच त्याच्या जाण्याचे कारण. पट्ट्याची कथा याच जातीची आहे. बापाचा खुनी सापडला की मुलाने काय करायचे, ठार मारायचे की न्यायाच्या स्वाधीन करायचे, हा प्रश्न आजचा आहे आणि त्यासाठी कालची गोष्ट सांगावी लागते.

आता मराठीचा मुद्दा. आम्हाला सर्वांत अधिक तेच सांगायचे आहे.

वेताळाच्या पूर्वकथेत एक अडचण आहे जी बॅटमन-सुपरमॅनला नाही. बाप आणि मुलगा तंतोतंत सारखे दिसतात. तोच घट्ट पोशाख, तोच बुबुळे नसलेला मुखवटा, तीच कवटीची अंगठी, तोच दोन पिस्तुलांचा पट्टा. ‘हा मरतच नाही’ ही जंगलातली समजूत टिकावी म्हणून लेखकाने ते मुद्दाम तसे ठेवले. त्यामुळे पान उलटल्यावर समोर धावणारा माणूस विसावा की एकविसावा, हे चित्र पाहून कळत नाही. ते कळते फक्त चौकटीच्या वरच्या मजकुराच्या पट्टीवरून. ती पट्टी अर्धी कापली, किंवा तिच्यातले ‘माझे वडील’ जाऊन नुसते ‘वेताळ’ राहिले, की वाचक दोन पाने चुकीच्या माणसाच्या मागे धावतो आणि पाठीत सुरी बसते तेव्हा गोंधळतो : नायकच मेला की काय?

इंग्रजीत बापालाही ‘ही’ आणि मुलालाही ‘ही’. मराठीने ही अडचण व्याकरणातच सोडवून ठेवली आहे. वडील ‘ते’, नायक ‘तो’. ‘ते किनाऱ्याकडे धावले’ आणि ‘तो किनाऱ्याकडे धावला’ ही दोन वाक्ये एकाच चित्रावर लिहून पाहावीत. पहिल्यात मुलगा बोलतो आहे आणि धावणारा बाप आहे, हे क्रियापदाच्या एका मात्रेत कळते. वेगळा खुलासा लागत नाही, पट्टीतली जागाही वाचते. म्हणून भाषांतर करणाऱ्याने नियमच करावा : पूर्वकथेतल्या वेताळाला निवेदनात सगळीकडे आदरार्थी बहुवचन, पण फक्त निवेदनात. त्या काळातले इतर लोक त्याच्याशी बोलतात ते त्यांच्या नात्याप्रमाणे. चाचा त्याला ‘अहो’ म्हणणार नाही. निवेदनात आदर आणि संवादाच्या फुग्यात अरेतुरे, एवढा भेद सांभाळला की कोण सांगतो आहे आणि कोण जगतो आहे हे दोन थर आपोआप वेगळे होतात.

काळाचेही तसेच. पूर्वकथा सुरू झाली की प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘गेले होते’, ‘पाहिले होते’, ‘म्हणाले होते’ असे होते-होते लावत जाण्याची खोड भाषांतरांत फार आढळते. दार उघडायला पहिल्या चौकटीत एक ‘होते’ पुरते. ‘वीस वर्षांपूर्वी चाच्यांनी खाडीच्या तोंडाशी तळ ठोकला होता.’ इथून पुढे साधा भूतकाळ चालू द्यावा : ‘बाबा रात्री निघाले. सोबत एकच माणूस घेतला.’ वारंवार घडणाऱ्या गोष्टींसाठी आपल्याकडे रीतिभूतकाळ आहे, जो इतका नेमका आहे की वापरला नाही तर पाप लागावे. ‘बाबा मोहिमेवरून येत, गुहेत दिवा लावत आणि वही उघडून बसत.’ या एका वाक्याने अनेक वर्षांची सवय उभी राहते. आणि आजच्या प्रसंगात परतताना शेवटच्या चौकटीत पुन्हा एकदा ‘आज’, ‘आता’, ‘हा पट्टा’ असा जवळचा शब्द यायलाच हवा. नाहीतर वाचक भूतकाळातच अडकून राहतो.

जागेचा हिशेब हा दुसरा घोटाळा. मूळ पट्टी सोमवार ते शनिवार, रोज साधारण तीन चौकटी. समजा एखादी कथा १५ आठवडे चालली, तर ९० दिवस आणि २७० चौकटी झाल्या. अंकाला समजा २८ पाने आणि पानाला सहा चौकटी धरल्या तर १६८ बसतात. उरलेल्या १०२ गेल्याच पाहिजेत. यातल्या काही जाव्यातच. वृत्तपत्रात काल पेपर चुकलेल्या वाचकासाठी पहिल्या चौकटीत कालचे सार पुन्हा सांगितलेले असते. सलग अंकात ते नको. अशा ४५ चौकटी धरल्या तरी ५७ शिल्लक राहतात, आणि त्या गाभ्यातून कापाव्या लागतात. कापणारा हाणामारी ठेवतो आणि शांत चौकट काढतो, कारण शांत चौकटीत काही घडत नाही असे त्याला वाटते. पूर्वकथेत मात्र शांत चौकटच बिजागरी असते. नायक पट्टा हातात घेतो आणि पाहत राहतो. शब्द नाहीत. पुढच्या चौकटीत तसाच पट्टा, पण कमरेला, वीस वर्षांपूर्वीचा. या दोहोंतली एक काढली की दार भिंतीतून निखळते. कापायचेच असेल तर पाठलागाच्या चौकटी कापाव्यात. सातऐवजी चार चौकटींत पाठलाग झाला तर कुणाचे काही बिघडत नाही.

छपाईही पूर्वकथेवरच आधी रुसते. भूतकाळाची चौकट दाखवायला चित्रकार नागमोडी कडा, गोलाई दिलेले कोपरे किंवा एकच फिकट रंग वापरतात. स्वस्त न्यूजप्रिंटवर चार रंगांची छपाई करताना रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची नेमकी जुळणी, केसभर हलले की नागमोडी रेघ दुहेरी होते, नाहीतर शेजारच्या रंगात बुडते, आणि फिकट पिवळा रंग कागदाच्याच पिवळेपणात दिसेनासा होतो. शिवाय इंग्रजी अक्षरे सगळी मोठ्या लिपीत, एका उंचीची. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे ओळींमध्ये जास्त अंतर लागते. इंग्रजीसाठी आखलेल्या पट्टीत जिथे चार ओळी बसतात तिथे मराठीच्या तीन नीट बसतात. चौथी कोंबली की उकार खालच्या मात्रेला भिडतो आणि ‘कुळ’ की ‘काळ’ हे कळेनासे होते. नव्याने छापणाऱ्यांनी अक्षर बारीक करण्याऐवजी वाक्य छोटे करावे. ‘ते’ वापरल्याने वाचलेली जागा इथे उपयोगी पडते.

नावांबद्दल. भारतीय आवृत्तीत बंगालाचे डेंकाली झाले, सिंग चाच्यांचे सिंगा चाचे झाले आणि विसाव्या वेताळाच्या खुन्याचे मूळ नाव राम होते ते रामालू करण्यात आले. १९६४ मध्ये, मुलांच्या हाती जाणाऱ्या अंकात, पाठीत सुरी खुपसणाऱ्याचे नाव राम ठेवायचे नाही हा निर्णय आम्हाला पूर्णपणे योग्य वाटतो. आजही तोच घ्यावा. पण एकदा रामालू म्हटले की पुढच्या प्रत्येक उल्लेखात रामालूच हवा. पूर्वकथेचे धागे पाच-दहा वर्षांच्या अंतराने पुन्हा वर येतात. मधल्या एका अंकात भाषांतर करणाऱ्याने मूळ नाव ठेवले तर वाचकाला दोन वेगळे खुनी दिसतात. नव्या आवृत्तीत पहिल्या पानाखाली ‘मूळ नाव असे, भारतीय आवृत्तीत असे’ एवढी एक ओळ टाकावी. आणि भाषांतराला बसण्यापूर्वी नावांची एक यादी करावी : माणूस, ठिकाण, टोळी, पूर्वजाचा क्रमांक. या यादीवाचून कामाला हात घालू नये.

पूर्वजाच्या क्रमांकावरून वर्षांचा हिशेब. १५३६ ते १९३६ ही ४०० वर्षे आणि आधीचे २० वेताळ, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी २० वर्षे. मोहिमांत मरणाऱ्या माणसांसाठी हा आकडा विश्वास बसेल असा आहे, फॉक यांची मांडणी इथे पक्की आहे. अडचण येते ती शेवटच्या दोघांत. आजचा नायक १९३६ पासून तरुणच आहे, पण त्याच्या वडिलांचा खुनी कथेत जिवंत सापडायला हवा. १९५४ मध्ये ते सहज जमत होते. आजच्या वाचकाला तीच कथा ‘आजची’ म्हणून दिली, मोबाइल आणि विमानतळ घालून दिली, तर जुन्या चित्रांतली जहाजे, पिस्तुले आणि पोशाख तिला खोटे पाडतात. म्हणून अशी कथा तिच्या मूळ वर्षासह छापावी. ‘वीस वर्षांपूर्वी’ ला ‘पन्नास वर्षांपूर्वी’ करण्याची हौस टाळावी, नाहीतर खुनी ऐंशीच्या घरात जातो आणि त्याच्याशी हाणामारी करणारा नायक शोभत नाही.

वेताळाचे घर असलेल्या कवटीच्या गुहेतल्या वह्यांबद्दल लेखात एकच ओळ आहे, तीही ‘जुन्या पोथ्या’ अशी. त्या पोथ्या नव्हेत. प्रत्येक वेताळ आपल्या मोहिमा स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो, पुढचा त्या वाचतो. मराठीत ज्याला बखर म्हणतात तीही नव्हे, कारण बखर बहुधा घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी, दुसऱ्याच कुणी, धन्याच्या गौरवासाठी लिहिलेली असते. ही रोजनिशी आहे, अस्सल कागद. हा फरक कथेत कामाला येतो. सतराव्या वेताळाची जुळी बहीण ज्युली हिने भाऊ जायबंदी असताना त्याचा पोशाख चढवला आणि त्याचे काम केले. लोकांच्या तोंडी ‘वेताळ’ म्हणजे पुरुषच, पण वहीत ज्युली आहे. लोककथा एक सांगते आणि वही दुसरे, आणि नायक वही उघडतो म्हणून आपल्याला खरे कळते. इथे मराठी भाषांतराला पुन्हा क्रियापदाचा प्रश्न येतो : ‘वेताळ आला’ लिहायचे की ‘वेताळ आली’? जंगलातली माणसे बोलतात तिथे ‘आला’, वहीतल्या निवेदनात ‘आली’. इंग्रजीत हा भेद क्रियापदात दाखवताच येत नाही.

शेवटी ज्यांच्या माळ्यावर जुने मराठी अंक आहेत त्यांच्यासाठी थोडेसे. पूर्वकथेचा अंक पहिल्या आणि शेवटच्या पानावर टिकतो किंवा मरतो, कारण आजचा धागा तिथेच असतो, आणि नेमकी तीच दोन पाने सर्वांत आधी जातात. वाचनालयांत दहा-बारा अंक एकत्र बांधताना कटिंग मशीनखाली तीन कडा छाटल्या जात, त्यात वरच्या चौकटीची मजकुराची पट्टी अर्धी जाई. असे बांधलेले खंड उसवू नयेत. सपाट स्कॅनरवर दाबलेत तर पाने कण्यापाशी तुटतील. खंड व्ही आकारात अर्धवट उघडा ठेवून वरून फोटो घ्यावेत. सुटे अंक असतील तर पिना आधी पाहाव्यात. गंजल्या असतील तर मधल्या पानावर येऊन पिनेचे दोन्ही पाय बोथट पातळ पात्याने सरळ करावेत आणि मग बाहेरून काढाव्यात. ओढून काढल्या की पान फाटते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, ती पिवळी पडून शाई उचलते. स्कॅन करताना पानामागे काळा कागद ठेवावा, म्हणजे मागच्या पानाचे चित्र आरपार दिसत नाही. स्कॅनची सूक्ष्मता ६०० डीपीआय ठेवावी आणि मूळ प्रत टिफ प्रकारच्या फाइलमध्ये. रंगांचे ठिपके आपोआप ‘साफ’ करणारी सोय बंद ठेवावी, कारण ती नागमोडी कडाही साफ करून टाकते. मुखपृष्ठाची आतली बाजू आणि मलपृष्ठ सोडू नये. अंकाचा क्रमांक आणि महिना बऱ्याचदा तिथेच सापडतो.

आणि क्रमांक लावताना १२३ आणि १२४ मिळत नाहीत म्हणून कुणी जिवाचे रान करू नये. संपामुळे ते दोन अंक निघालेच नाहीत. १९९० मध्ये इंद्रजाल बंद झाले तेव्हा क्रमांक ८०५ पर्यंत गेले होते, प्रत्यक्षात छापलेले अंक ८०३.

आपले,
जुन्या चित्रकथांचे काही वाचक, पुणे